सारंगखेड्याच्या बाजारात तट्टू पाहताना

नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, तापीच्या काठी वसलेल्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला सुरू होते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजारही भरतो. वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात ती मारवाडी, काठियावाडी आणि पांढऱ्याशुभ्र नुकरा घोड्यांची व त्यांच्या लाखांतल्या किमतींची. मला मात्र मुलांना बसवण्यासाठी आणि शेतावर हलके ओझे वाहण्यासाठी लहान चणीचे जनावर हवे होते, त्यामुळे गर्दी जिकडे होती तिकडे मी फारसा रेंगाळलो नाही.

जमिनीपासून खांद्याच्या उंचवट्यापर्यंत साधारण १४७ सेंटिमीटर ही तट्टूची कमाल उंची मानली जाते. काठियावाडी घोड्यांपैकी बरेच या रेषेच्या आसपासच भरतात, पण तसे मालकाला बोलून दाखवले तर सौदा तिथेच मोडेल! आपल्याकडचे खरे तट्टू म्हणजे भीमथडी. भीमेच्या खोऱ्यातील ही जनावरे उंचीला साधारण १३० सेंटिमीटर असून, मेंढपाळ धनगरांचा संसार पाठीवर घेऊन गावोगाव चालतात. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, हे योग्यच झाले.

विकणारा सांगेल ते वय ऐकून घ्यावे आणि मग तोंड उघडून दात पाहावेत. समोरच्या दातांची मधली जोडी सुमारे अडीच वर्षांनी, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनी आणि कडेची साडेचार वर्षांनी बदलते, म्हणून पाच वर्षांच्या जनावराच्या तोंडात पुढचे सगळे दात कायमचे असतात. त्यानंतर खालच्या दातांवरील खळगे याच क्रमाने सहा, सात आणि आठ वर्षांच्या सुमारास झिजून जातात. पुढे अंदाज अवघड होतो. तरी वरच्या कडेच्या दातावर दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीजवळ दिसू लागणारी खाच पंधराव्या वर्षी अर्ध्या दातापर्यंत आणि विसाव्याच्या सुमारास टोकापर्यंत पोहोचते. चारा कसा आहे यावर झीज कमी-अधिक होते, त्यामुळे एखाद्या वर्षाची चूक धरूनच चालावे.

बाजारात याहून अधिक वेळ अंगावरचे केसांचे भोवरे मोजण्यात जातो. अमुक जागी भोवरा असला की जनावर शुभ, तमुक जागी असला की मालकाला भारी, या समजुतींनी किंमत खरोखर वरखाली होते. माझ्या मते तेवढा वेळ खुरांना द्यावा. जनावर कडक जमिनीवर, सैल दोरीने, सरळ रेषेत चालवायला सांगावे. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर उचलली जाते. मऊ वाळूत किंवा वाजंत्रीच्या तालावर नाचवून दाखवत असतील तर हे कळत नाही.

ग्लँडर्सच्या रक्तचाचणीचा अहवाल मात्र मागितल्याशिवाय पैसे मोजू नयेत. हा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावराला कायद्यानुसार दयामरण द्यावे लागते. धनुर्वाताची लस टोचली आहे का, हेही विचारावे, कारण खुराला खिळा लागणे हे नित्याचेच आहे. नवे जनावर घरी आणल्यावर काही आठवडे इतर जनावरांपासून दूर बांधावे.

राहिला खुराकाचा प्रश्न. तट्टू थोड्या चाऱ्यावर तगते, हीच त्याची खुबी आणि हाच धोका. वरातीच्या घोड्याइतका हरभरा त्याला लाडाने घातला तर ते लठ्ठ होते आणि खुरांच्या आत सूज येऊन लंगडू लागते. म्हणून कडबा आणि गवत हाच मुख्य आहार ठेवून, दाणा कामाच्या दिवशीच आणि तोही मोजून द्यावा.