परळहून माग्देबुर्गला: पैशांचा हिशेब नीट मांडला तर जमतं

‘जर्मनीत फुकट शिकायला मिळतं’ हे लोकलमध्ये, क्लासमध्ये, नातेवाइकांत सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवण्याची फी घेत नाहीत, हे बरोबर. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024च्या हिवाळी सत्रापासून अशी फी सुरू केली. आणि फी नसली, तरी वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे निघण्याआधीच दाखवावे लागतात. आमच्या घरी सगळ्यात जास्त बोलणं यावरच झालं, म्हणून तेच सविस्तर लिहिते.

मी परळची. मुंबई विद्यापीठातून केमिकलमध्ये बीई केलं आणि जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहरातल्या ओटो फॉन गेरिके विद्यापीठात केमिकल अँड एनर्जी इंजिनिअरिंगच्या मास्टर्सला अर्ज केला. हा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे. तरी काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनचा ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचा, वर्ग केला, आणि इथे माग्देबुर्गला दुकानात, दवाखान्यात त्याचा रोज उपयोग होतो.

कागदांमध्ये एपीएस प्रमाणपत्र सगळ्यात आधी हातात घ्या. आपल्या मार्कशीट खऱ्या आहेत का, हे दिल्लीचं एपीएस कार्यालय तपासतं. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते लागतं, फी 18,000 रुपये. कॉलेज कुठलं हे ठरायच्या आधीच तो अर्ज करता येतो, आणि तसाच करावा. मुंबई विद्यापीठाच्या कलिना कार्यालयातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्र दाखला, काढायचं कामही त्याच सुमारास उरकून घ्यावं. पुढे अनेक विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट या परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमधून जातात. पहिल्या अर्जाला 75 युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला 30.

गुणांची गंमत वेगळी. तिथे 1 म्हणजे सर्वोत्तम आणि 4 म्हणजे जेमतेम पास. दहापैकी 8 सीजीपीए असेल आणि पास व्हायला किमान 4 लागत असतील, तर त्यांच्या सूत्राने ते 2.0 होतात. हे स्वतः काढून पाहिलं की कुठे अर्ज करण्यात अर्थ आहे ते कळतं.

आता पैसे. ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं. त्यात 11,904 युरो भरावे लागतात, म्हणजे युरोच्या दरानुसार बारा लाख रुपयांच्या आसपास. बाबा बेस्टमधून निवृत्त झालेले. एवढी रक्कम एकदम परदेशी खात्यात टाकायची म्हटल्यावर त्यांची झोप उडाली. ‘व्हिसा नाही मिळाला तर?’ हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि तो अगदी रास्त होता. उत्तर असं, की व्हिसा नाकारला तर नकाराचं पत्र दाखवून पैसे परत मिळतात. मिळाला, तर तिथे पोचून पत्त्याची नोंदणी करायची, चालू खातं उघडायचं, मग दर महिन्याला त्यातले 992 युरो आपल्यालाच मिळतात. ही फी नाही, आपलाच वर्षाचा घरखर्च आहे. मी हे कागदावर महिन्यावार मांडून दाखवलं: खोलीचं भाडं, आरोग्य विमा, किराणा. विम्याचा आकडा पाहून आईच्या जिवाला जरा बरं वाटलं, कारण आजारी पडल्यावर काय, ही तिची काळजी होती.

पैसे पाठवताना एक गोष्ट आधीच बघा. 2025-26 या आर्थिक वर्षात स्वतःच्या बचतीतून शिक्षणासाठी 10 लाखांच्या वर पाठवलं, की वरच्या रकमेवर 5 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच कापून घेतलेला आयकर, कापला जात होता. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशांवर तो नव्हता. म्हणून आम्ही बचतीतला भाग दहा लाखांच्या आत ठेवला आणि उरलेलं कर्जातून दिलं. टीसीएस कापला गेलाच, तरी आयकर विवरणपत्र भरताना तो देय करातून वळता होतो किंवा परत मिळतो. पैसे बुडत नाहीत. पण निघायच्या महिन्यात दहा हजारसुद्धा अडकायला नकोत. हे नियम अर्थसंकल्पाबरोबर बदलतात, त्यामुळे पाठवण्याआधी बँकेत विचारून घ्याच.

व्हिसाचं काम त्यामानाने सरळ गेलं. प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला आणि विमा हे जुळलं, की विचारण्यासारखं फार उरत नाही. फी 75 युरो.

इथे आल्यावर काम करून सगळं भागेल, या भरवशावर मात्र कुणी घरचं बजेट आखू नये. वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं, पण पहिल्या सत्रात प्रयोगशाळा आणि परीक्षा सांभाळून तेवढं काम मिळणं आणि जमणं कठीण. माझ्या वर्गातल्या बहुतेकांना दुसऱ्या सत्रापासून कामं मिळाली.

आणि खोली! विद्यार्थ्यांच्या सरकारी वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी भरा, व्हिसाची वाट पाहू नका. मोठ्या शहरांत तिथली प्रतीक्षायादी लांब असते. माग्देबुर्गला त्या मानाने लवकर मिळते आणि भाडंही 992 मध्ये बसतं. विद्यापीठ निवडताना मी शहराचं नाव नाही, हा आकडा पाहिला होता.