आमची माणसं कुठं गेली?

मी नारायण पेठेत जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देतो. बाबांची व्हिडिओ लायब्ररी होती, एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि तीन पिक्चर भाड्यानं द्यायचे, ती बंद पडल्यावर दुकान तसंच पडून होतं, त्यात मी दोन व्हीसीआर, एक टेक्निक्सचा डेक आणि एक कॉम्प्युटर टाकून बसलोय. लग्नाच्या व्हीएचएस, मुंजीच्या व्हीएचएस, कुणाच्या आजीच्या ओव्या, असला माल येतो, आणि त्यात हमखास सीरियल निघतात. लग्नाच्या कॅसेटवर परत रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून कोपऱ्यातला प्लास्टिकचा तुकडा मोडून ठेवलेला असतो ना, त्या भोकावर सेलोटेप चिकटवून लोकांनी वर बिनधास्त महाभारत भरलेलं असतं. एकदा मंगलाष्टकं चाललेली, 'तदेव लग्नं' पर्यंत आलं आणि एकदम हरीश भिमाणींचा आवाज, 'मैं समय हूँ'. नवरा-नवरी गेले ते गेलेच. आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईक म्हणालं, महाभारत पुसू नका हां, तेही द्या.

मी सगळ्यांना सांगायचो की अहो हे यूट्यूबवर फुकट आहे, यापेक्षा स्वच्छ आहे, कशाला पैसे घालवताय. लोक म्हणायचे, ते नको, आमचं हवंय. मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी एक काकू आल्या. साठीच्या असतील. बुटाच्या खोक्यात तेरा ऑडिओ कॅसेट. शनिवार पेठेतला त्यांचा वाडा पाडून बिल्डिंग व्हायचीये, माळा उपसताना सापडल्या म्हणे. एकीवर निळ्या शाईत 'चिमणराव'. मला वाटलं नाटकबिटक असेल, तर म्हणाल्या, "नाही हो, टीव्हीवरचा. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून केलंय आम्ही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 'चिमणराव गुंड्याभाऊ' म्हणजे चिं. वि. जोशींच्या गोष्टींवरची मालिका, १९७७-७९ च्या सुमाराची, मुंबई दूरदर्शनची. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मुंबई केंद्र १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं, आणि आपल्याकडं ते सिंहगडावरच्या टॉवरवरून यायचं, म्हणून सगळ्या पुण्याच्या अँटेना सिंहगडाकडं तोंड करून. एकजण कौलांवर, एकजण खिडकीत, "आलं का?" "आलं आलं... गेलं!" काकूंच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं आणि टीव्ही एकच, मालकांचा, लाकडी शटरचा.

कॅसेटची अवस्था वाईट होती. आतला फेल्टचा पॅड गळून पडलेला, मग दोन्ही रिळं काढून नव्या डबीत बसवली, हेड स्पिरिटनं पुसलं, आवाज घोगरा यायला लागला म्हणून हेडचा तो बारका स्क्रू केसभर फिरवून स्वर मोकळा केला. आणि आला की हो प्रभावळकरांचा आवाज! तिशीतला! मी टिपरेवाला माणूस, आबांचा तो म्हातारा आवाज ऐकत मोठा झालेला. काकूंचा चिमणराव आणि माझे आबा, माणूस तोच, मधे वीस-बावीस वर्षं.

टिपरेचं काढलं की मला राहवत नाही. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' २००१ ला सुरू झालं, केदार शिंदेंचं, तेव्हा झी मराठीचं नाव अजून अल्फा होतं. त्यात काही होतच नाही! कुणी विष घालत नाही, कुणाची स्मृती जात नाही, शेखर आणि श्यामला यांची कुरबूर, शिऱ्याचे उद्योग, शलाकाची चिडचिड, आणि हे सगळं डायरीत टिपणारे आबा. आठवड्यातून एकदा यायचं, त्यामुळं पाणी घालावं लागलं नाही. आणि लोकांना हवं असतानाच २००५ ला संपवलं. अजून बघा, शिळं लागत नाही. रामायणाचं मात्र, देवाची माफी मागून सांगतो, मला तसं नाही वाटत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये परत लावलं तेव्हा दोन्हीकडचे बाण हवेत एकमेकांकडं जाताहेत, जाताहेत, आणि माझा मुलगा विचारतोय, बाबा लागणार कधी? आई मात्र हात जोडून बसलेली, १९८७ ला बसायची तशीच.

असो. तर त्या कॅसेटवर मी दोन रात्री घालवल्या. मालिकेच्या आवाजावर घरचा गोंगाट नुसता. कुकरची शिट्टी, खोकला, "सरक की जरा", कुणीतरी शूऽऽ करतंय, त्या शूऽऽचाच आवाज जास्त. मी एकेक जागा शोधून दाबली. भाग संपल्यावर बाजू संपेपर्यंत सातेक मिनिटं नुसतीच माणसांची गडबड होती, ती सरळ कापून टाकली. आणि हार्डडिस्क भरली म्हणून मूळ फाइल उडवली. इथं मी माती खाल्ली.

काकू आल्या, हेडफोन लावला. मी कौतुकाची वाट बघतोय. त्यांनी पाचेक मिनिटं ऐकलं, पुढं ढकलून बघितलं, मग शेवट बघितला. हेडफोन काढून म्हणाल्या, "छान झालंय हो. पण आमची माणसं कुठं गेली?"

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा कानशिलं गरम झाली. म्हणलं काकू, बसा, परत लावतो, तुमच्यासमोरच. कॅसेट तेवढी होती नशिबानं. लावली, आणि चौथ्या मिनिटाला डेकनं टेप खाल्ली. आवाज वेडावाकडा होऊन थांबला. झाकण उघडलं तर रबरी रोलरभोवती टेपचे तीन वेढे. दोघंही गप्प. नखानं हळूहळू सोडवली, वीतभर टेपला चुण्या पडल्या होत्या, बोटानं सपाट केली, पेन्सिल घालून मागं फिरवली आणि परत लावली. तिथं आता आवाज डुगडुगतो, पण चालली.

मग स्पीकरवर ऐकलं, कारण त्यांना मला दाखवायचं होतं कोण कोण ते. हा खोकला मालकांचा. कुकर वरच्या मजल्यावरचा, "त्यांच्याकडं कायम उशीर." गुंड्याभाऊचं वाक्य पुरं व्हायच्या आत हसतोय तो त्यांचा भाऊ, पुस्तक पाठ होतं त्याचं. आणि मग एक बाई हसली. खळखळून, श्वास लागेपर्यंत. काकूंनी हात वर केला, थांबव म्हणून.

"ही आई."

मी थांबवलं. म्हणाल्या, "आमच्या बिऱ्हाडात तिला असं हसायची चोरी होती. आजोबा बाहेरच्या खोलीत बसलेले असायचे. पण मालकांकडं टीव्ही लागला की दिवा घालवायचे. अंधारात तीस माणसं. कोण हसलं ते कुणाला कळतंय?" जरा थांबून, "मला तरी कुठं माहीत होतं ती अशी हसते ते. मी पुढं बसायचे."

तीन वेळा लावलं ते हसणं. मधे एक गिऱ्हाईक येऊन मुंजीच्या सीडीचं विचारून गेलं, त्याला काय उत्तर दिलं आठवत नाही.

शेवटची सात मिनिटं, जी मी कचरा म्हणून कापली होती, त्यात सतरंज्या झटकल्याचा आवाज, उद्या नळाला पाणी किती वाजता यावर वाद, कुणीतरी कुणाला गुंड्याभाऊ म्हणून चिडवतंय. आणि अगदी टोकाला एक पुरुषी आवाज, "अगं तो टेप बंद कर, सेल उतरतील." खट्.

"बाबा," काकू म्हणाल्या. "सेलची काळजी पहिल्यापासून."

मी पेनड्राइव्हवर टाकून दिलं, कुकरसकट, खोकल्यासकट. दोन कॉप्या, एक भावासाठी. पैसे काढताना त्या पुण्याच्याच असल्यानं म्हणाल्या, "दोनदा केलंत तरी पैसे एकदाच हं." म्हणलं अर्थात.

दारातून परत वळल्या. "उरलेल्या बारा कधी देताय? आणि हे बघा, काही साफ करू नका."