लॅपटॉप सुटला, पण कुणाकडून?

प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे का, हा प्रश्न आता सांगलीत वापरलेल्या लॅपटॉपच्या माझ्या दुकानात येणारं प्रत्येक पोरगं विचारतं. बरोबरच विचारतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ ज्यांवर चालतं त्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून सुरू होतात. लेनोवोचे थिंकपॅड टी४७० आणि टी४८० शेजारी ठेवा, नवख्याला फरक सांगता येणार नाही. पण टी४७० मध्ये सहसा सातव्या पिढीचा, दोन कोरचा आय५-७३००यू निघतो, टी४८० मध्ये आठव्या पिढीचा, चार कोरचा आय५-८३५०यू. ही माहिती आता मोबाइलवर सगळ्यांना मिळते. वापरलेला ब्रँडेड लॅपटॉप घेताना त्याहून महत्त्वाचा एक प्रश्न असतो, तो मात्र फारसं कुणी विचारत नाही: हे मशीन आधीच्या मालकाकडून खरंच सुटलं आहे का?

आमचा माल मोठ्या कंपन्यांतून येतो. तीन-चार वर्षं वापरून झाले की लॅपटॉप लॉटने निघतात, मुंबई-पुणे-बंगळूरचे व्यापारी ते उचलतात, ग्रेड लावतात आणि आमच्यासारख्या गावोगावच्या दुकानदारांना देतात. ए ग्रेड म्हणजे बॉडीला ओरखडा नाही, स्क्रीनवर पांढरा डाग नाही, बिजागरी घट्ट. ग्रेड दिसण्याला असते. कागदाला ग्रेड नसते.

गेल्या पावसाळ्यात जत तालुक्यातून एक ताई आपल्या मुलाला घेऊन आल्या. मुलगा डिप्लोमाला, सांगलीत खोली घेऊन राहणारा. ताई अंगणवाडीत कामाला. पिशवीतून त्यांनी टॉवेलात गुंडाळलेला टी४८० काढला आणि काउंटरवर ठेवला. माझ्याकडून घेतलेला नव्हता. मोबाइलवरची जाहिरात बघून पुण्याच्या एका विक्रेत्याकडून बावीस हजारांना मागवलेला. पैसे बचत गटातून उचललेले, हप्ता चालू.

"दादा, चार म्हैने चांगला चालला बघा," ताई म्हणाल्या. "आता कुठल्या तरी कंपनीचं नाव दावतोय आणि आत जाऊ देत नाही."

मशीन जड झालं म्हणून मुलाने स्वतःच रिसेट मारलं होतं. सेटअप सुरू झाला, त्याने वायफाय जोडलं, आणि पडद्यावर एका कंपनीचं नाव आलं, खाली त्या कंपनीचा ईमेल आणि पासवर्ड टाकायची चौकट. मुलाच्या चेहऱ्यावर भीतीच होती. त्याला वाटत होतं, आपण काहीतरी बिघडवलं.

त्याला मी आधी हेच सांगितलं की बाळा, तू काही बिघडवलेलं नाहीस. कंपन्या लॅपटॉप घेतात तेव्हा प्रत्येकाची हार्डवेअरची ओळख मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट नावाच्या सेवेत आपल्या नावावर नोंदवतात. नोंद लॅपटॉपच्या डिस्कवर नसते, सर्व्हरवर असते. म्हणून फॉरमॅट मारा, एसएसडी बदला, विंडोज कोरं टाका, काही फरक पडत नाही. सेटअपच्या वेळी इंटरनेट लागलं की मशीन विचारतं, मी कुणाचा, आणि उत्तर येतं, कंपनीचा. ही नोंद काढायचा अधिकार कंपनीच्या आयटीकडे. मशीन विकताना ती काढायची असते, पण लॉट मोठा असला की राहून जाते.

मग चार महिने कसा चालला? विक्रेत्याने इंटरनेट न जोडता सेटअप करून दिला होता. असं केलं की मशीन विचारतच नाही. बाजारात हे सर्रास चालतं, आणि मला त्याची चीड आहे. गिऱ्हाईक घरी नेतं, खूश असतं, आणि ज्या दिवशी पहिल्यांदा रिसेट करावं लागतं त्या दिवशी त्याच्या हातात परक्याचं मशीन असतं. तोवर विक्रेत्याची टेस्टिंग वॉरंटी, म्हणजे तपासून बघायची मुदत, केव्हाच संपलेली असते.

मुलाने विचारलं, "सर, तुम्ही पण तसंच करून द्या ना. नेट न लावता."

दहा मिनिटांचं काम होतं. मी नाही म्हणालो. पुन्हा रिसेट केलं की पुन्हा हेच, हे एक कारण. दुसरं कारण ताईंसमोर बोलायला जड गेलं, पण बोललो. हे मशीन कंपनीने विकलेलं आहे की कुणाचं चोरीला गेलेलं, हे आपल्याला ठाऊक नाही. चोरीचं निघालं तर ते परत द्यावं लागेल.

ताई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चोरीचं असंल तर मला घरात नको. पण इचारा तरी त्यांना."

बिल मागितलं, तर बिल नव्हतं. यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं, एवढाच पुरावा. विक्रेत्याला फोन लावला, त्याने उचलला नाही. बिल दिलं की टॅक्स पडतो, ही आमच्या धंद्यातली ठरलेली सबब आहे आणि ती लंगडी आहे. जुन्या मालासाठी जीएसटीत नियम ३२(५) आहे. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट घेतलं नसेल तर १८ टक्के फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतात. पंधराला घेऊन अठराला विकला तर कर तीन हजारांवर, अठरावर नाही. एवढ्यासाठी गिऱ्हाइकाला बिलाविना सोडायचं?

लॅपटॉप उलटा केला. खाली कंपनीचा ॲसेट टॅग, म्हणजे मालकीचं स्टिकर, खरवडून काढल्याची खूण होती, पण सिरियल नंबर वाचता येत होता. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्येही, तोच नंबर. बायोसला पासवर्ड नव्हता, हे मला चांगलं लक्षण वाटलं. नंबर, पडद्याचा फोटो आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट जोडून मी त्या कंपनीला मेल लिहिला. मग तिच्या ऑफिसच्या मुख्य नंबरवर फोन केला. रिसेप्शन, ॲडमिन, पुन्हा रिसेप्शन, असं फिरत शेवटी आयटी ॲसेट बघणाऱ्या एका बाईंपर्यंत पोचलो. लॅपटॉप सध्या कुणाकडे आहे, हे त्यांनी दोनदा विचारलं. मी खरं ते सांगितलं: एका विद्यार्थ्याकडे, पैसे देऊन घेतलेला, आणि तुमच्या यादीत हरवलेला असेल तर आम्ही तो परत करायला तयार आहोत.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मेल आला. तो सिरियल नंबर त्यांनी विकून टाकलेल्या लॉटच्या यादीत होता. नोंद काढायची राहिली होती, ती आता काढली आहे. मी मुलाला बोलावलं आणि त्याच्यासमोर विंडोज नव्याने टाकलं. नेट जोडूनच. या वेळी कंपनीचं नाव आलं नाही, नेहमीचं साधं सेटअप आलं. तो इतका मोठ्याने ओरडला की शेजारचा झेरॉक्सवाला बघायला आला.

तिथेच बसून त्याने जतला फोन लावला. ताईंनी मला फोनवर मागून घेतलं आणि किती झाले ते विचारलं. पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलली होती, तेवढेच घेतले. त्या मेलची प्रिंट मात्र मुलाच्या हातात दिली आणि वर सिरियल नंबर ठळक लिहून दिला. पुढे कधी त्याला हा लॅपटॉप विकायचा झाला तर बिलाच्या जागी तेवढा एकच कागद आहे.

संध्याकाळी पुण्याहून फोन आला. तोच विक्रेता. मुलाने त्याला मेसेज करून सांगितलं असावं. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्याने थेट विचारलं, "भाऊ, लॉक कसं काढलंत? माझ्याकडं त्याच लॉटचे अजून अकरा पीस आहेत."

मी म्हणालो, काढलं मी नाही, कंपनीने काढलं. त्याला मेलचा पत्ता दिला, अकराही सिरियल नंबर एकाच मेलमध्ये लिहून पाठवायला सांगितलं, आणि कंपनीचं उत्तर येईपर्यंत त्यातला एकही विकू नका म्हणालो.