वॉर्डातली उसनवारी

महिनाअखेरीला वॉर्डातल्या कपाटातल्या औषधांची मोजणी जुळली म्हणजे बिलंही बरोबर, असं समजू नका. रात्री दोनला बारा नंबरच्या बेडवरच्या पेशंटचं पिपटाझ हे अँटिबायोटिक फार्मसीतून आलेलं नसतं आणि डोसची वेळ टळत असते. चौदा नंबरच्या ट्रेमधली व्हायल (औषधाची कुपी) उचलली जाते. सकाळी बारा नंबरचं औषध येतं, पण हँडओव्हरच्या गडबडीत उसनं फेडायचं राहतं. बाराची उरलेली व्हायल डिस्चार्जच्या वेळी त्याच्याच नावावर फार्मसीत रिटर्न होते आणि चौदासाठी नवी मागवली जाते. मोजणीत काहीच कमी नाही, चौदाने मात्र एका व्हायलचे पैसे जास्त भरले.

उसनं घेतानाच चौदावर रिटर्न आणि बारावर इश्यू (औषध दिल्याची नोंद) टाका, बॅच नंबरसकट. बॅच बदलली की एमआरपीही बदलू शकते. त्याहून बरं म्हणजे रात्री लागणाऱ्या अँटिबायोटिक्सच्या दोन-तीन व्हायल फ्लोअर स्टॉकमध्ये, म्हणजे कोणा पेशंटच्या नावावर नसलेल्या वॉर्डाच्या साठ्यात, ठेवा.

ताळा औषधांच्या चार्टवरून घ्यावा. ४.५ ग्रॅमच्या व्हायलच्या ९ डोसांवर सह्या असतील, तर इश्यू वजा रिटर्न वजा ट्रेमधल्या व्हायल बरोबर ९ यायला हव्यात. १०० एमएल सलाईनमधून देत असाल तर त्या बाटल्याही ९. हे डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी करा. सकाळी अकराला नातेवाईक काउंटरवर उभे असताना कोणाचंच डोकं चालत नाही.

दुसरा घोळ एककाचा. ग्लोव्ह्जचा १०० नगांचा बॉक्स म्हणजे ५० जोड्या. बिलिंगच्या मास्टर यादीत एकक ‘बॉक्स’ असेल आणि सिस्टरने एका जोडीसाठी ‘१’ टाकला, तर अख्खा बॉक्स पेशंटच्या माथी.

गुलाबी २० नंबरचा कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत घालायची नळी) तिसऱ्या प्रयत्नात लागला, तर स्टॉकमधून तीन वजा करा. बिलात किती लावायचे हे हॉस्पिटलने लेखी ठरवावं, ड्यूटीवरच्या सिस्टरवर सोडू नये. माझ्या मते एकच.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आयआरडीएआय या विमा नियामकाच्या यादीप्रमाणे उपचारखर्चात धरलेल्या आहेत, शू कव्हर खोलीभाड्यात. वेगळी ओळ लावली की टीपीए (विम्याचे दावे तपासणारी कंपनी) ती रक्कम कापतो आणि भांडण वॉर्डात येतं.

मायक्रोपोरचा, म्हणजे कागदी चिकटपट्टीचा, रोल तर कोणाच्याच नावावर टाकू नका. एक रोल दहा जणांना पुरतो. तो वॉर्डाचा खर्च.