वर्कशॉपसाठी शिक्षिका हवी

ठाण्यात नौपाड्यातल्या एका डान्स स्टुडिओत मी वर्कशॉपचं काम बघते. बाहेरची शिक्षिका ठरवणं, हॉलच्या वेळा, फी, चौकशीचे फोन, सगळं माझ्याकडे. कथ्थकच्या बाई हव्या असतील तर काम सोपं असतं. विशारद झालंय का, अलंकार झालंय का, गुरू कोण, एवढं विचारलं की निम्मा अंदाज येतो. बेली डान्सला आपल्याकडे अशी सगळ्यांनी मानलेली परीक्षा नाही. चार व्हिडिओ टाकले की कोणीही शिक्षिका होऊ शकते. मागणी मात्र खरी होती. आमच्या सकाळच्या झुंबाच्या बायकाच मागे लागल्या होत्या, आणि स्टुडिओच्या ताईंनी दोन दिवसांच्या शिबिराला होकारही दिला होता.

आलेल्या अर्जांतून तिघींना मी एका रविवारी डेमोला बोलावलं. प्रत्येकीला अर्धा तास, आणि समोर आमच्याच विद्यार्थिनी. त्या मी मुद्दाम निवडल्या होत्या. गुडघे कुरकुरणाऱ्या एक काकू, सिझेरियन होऊन वर्ष झालेली एक आई, वागळे इस्टेटमध्ये दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरलेली एक मुलगी, आणि भरतनाट्यम शिकणारी एक कॉलेजकन्या. शिबिराला येतात त्या अशाच बायका. शिकवणं त्यांच्यावर जमलं तरच ते खरं.

पहिल्या मॅडम नाचल्या आणि हॉल गप्प झाला. पोटाची लाट, खांद्यांची थरथर, कमरेचा झटका, सगळं लखलखीत. शेवटी त्यांनी टर्किश ड्रॉप घेतला. यात उभ्या उभ्या गिरकी घेऊन गुडघे दुमडत थेट पाठीवर पडायचं असतं. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. मग शिकवायला सुरुवात झाली आणि मॅडमचं तोंड आरशाकडे गेलं, ते शेवटपर्यंत आरशाकडेच राहिलं. कोणाला काय दुखतं, हा प्रश्न नाही. पाच मिनिटांत सगळ्यांना मागे वाकायला लावलं. वागळे इस्टेटवाल्या मुलीचा हात कमरेवर गेला. मला तो दाराशी उभं राहून दिसला, मॅडमना आरशात दिसला नाही. बरोबर आलेला मुलगा कोणाला न विचारता बायकांचं शूटिंग करत होता. ते मी थांबवलं आणि तिथल्या तिथे पुसायला लावलं. स्टुडिओवर विश्वास टाकून बायका इथे ओढणी काढून ठेवतात, त्या विश्वासाला धक्का लागलेला मी चालवून घेत नाही.

बोलताना मी विचारलं, हा नाच कुठला, तुम्ही कोणाकडे शिकलात? उत्तर आलं, हा हजारो वर्षांपूर्वीच्या मंदिरातल्या पुजारिणींचा नाच आहे, आणि तो आतूनच यावा लागतो. पुजारिणींची ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी ऐकू येते, पण तिला ठोस पुरावा नाही. जे ठाऊक आहे ते तिच्याहून रंजक आहे. इजिप्तमध्ये घराघरांत, लग्नकार्यात बायका नाचत आल्या तो बलदी. 1926 मध्ये नर्तकी बदिया मसाबनी यांनी कैरोत आपला क्लब काढला आणि तिथे या नाचाला मोठं स्टेज मिळालं. तहिया कारिओका, सामिया गमाल या गाजलेल्या नर्तकी त्यांच्याच तालमीतून पुढे आल्या. 1959 मध्ये महमूद रेदा यांनी लोकनृत्यांचा संच उभा केला. शिकवणारीला एवढं ठाऊक असावं ही माझी अट आहे. दुसऱ्यांच्या घरची कला आपण पैसे घेऊन शिकवणार असू, तर ती कोणाची हे नीट सांगायलाच हवं.

दुसऱ्या मॅडम प्रामाणिक होत्या. त्यांचा ढंग ट्रायबल, म्हणजे 1987 मध्ये कॅरोलीना नेरिच्चिओ यांनी सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या संचातून वाढलेला. त्यात एक पुढे नाचते आणि तिच्या हाताच्या, मानेच्या खुणेवर बाकीच्या तिथल्या तिथे पुढची हालचाल उचलतात. त्यांनी स्वतःच सांगितलं की हे दोन दिवसांत होणार नाही, नियमित वर्ग हवा. त्यांचा नंबर मी जपून ठेवलाय.

तिसऱ्या मॅडम नेरूळहून ट्रान्सहार्बर लोकलने आल्या. साधे कपडे, पाठीवरच्या पिशवीत दरबुका, म्हणजे हातांनी वाजवायचा अरबी ढोल. नाचून दाखवायच्या आधी त्यांनी सगळ्यांना गोल करून जमिनीवर बसवलं आणि एकेकीला विचारलं. गुडघे? स्लिप डिस्क? बाळंतपण कधी, टाके दुखतात का, खोकताना पोटावर ताण येतो का? ती आई आधी संकोचली, मग भडाभडा बोलली. मॅडमनी तिला सांगितलं, "पोटाची लाट तुम्ही आत्ता करू नका. मधले स्नायू जुळलेत का ते आधी डॉक्टरांकडून बघून घ्या. तोवर छाती आणि हात, त्यातच भरपूर नाच आहे."

मग त्यांनी दरबुका मांडीवर घेतली. दुम तक, तक दुम, तक. हा मक्सूम, आठ मात्रांचा. केरव्यावर वाढलेल्या कानांना तो परका वाटला नाही, बायका लगेच टाळी धरू लागल्या. मॅडमनी चौथ्या मात्रेवरचा तक काढून तिथे दुम ठेवला आणि विचारलं, काय बदललं? भरतनाट्यमवालीने पटकन ओळखलं. मॅडम म्हणाल्या, "हा सईदी. वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या इजिप्तचा, काठीच्या नाचाचा. अंगात येणारा जोर बघा कसा वेगळा येतो." नाव, गाव आणि चाल एका फटक्यात कळली. हे असं शिकवणं मला फार भावतं.

हिप ड्रॉपच्या वेळी काकू अडल्या. एक पाय पूर्ण टेकलेला, दुसऱ्याची टाच उचललेली, आणि त्या बाजूची कंबर वर नेऊन खाली सोडायची. बाकीच्यांच्या कमरेच्या ओढणीतली नाणी छमछमत होती, काकूंची एकही वाजेना. त्या खांदे हलवत होत्या, मान हलवत होत्या, कंबर ढिम्म. "राहू द्या हो, माझ्याच्याने नाही व्हायचं," असं म्हणून त्या बाजूला होऊ लागल्या.

मॅडम त्यांच्यासमोर खाली बसल्या. काकूंच्या चेहऱ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही, नजर सरळ गुडघ्यांवर. "काकू, हात लावू का?" विचारून टेकलेल्या पायाच्या गुडघ्यामागे दोन बोटं ठेवली. "इथे तुम्ही कुलूप लावलंय. कुलूप असलं की कंबर हलणार नाही, आणि हट्टाने हलवलीत तर पाठ दुखेल. एवढंसं सैल करा. हं. आता कंबर विसरा. फक्त उचललेल्या टाचेचा गुडघा सरळ करा आणि सोडा." काकूंनी केलं. कंबर वर गेली, खाली आली, आणि नाणी वाजली. काकूंनी दचकून खाली बघितलं, पुन्हा केलं, पुन्हा वाजली. मग त्या थांबेचनात.

मला शिक्षिका सापडली होती. तिचं नाचणं मी तेव्हा जेमतेम मिनिटभर पाहिलं असेल.

शेवटी ताईंनी विचारलं, तलवार डोक्यावर घेऊन नाचता का? लोकांना आवडतं. मॅडम म्हणाल्या, "नाही. मी ते कोणाकडे शिकलेले नाही." मग स्वतःची अट सांगितली, एका वेळी पंधराच बायका. इथे ताई आणि माझं वाजलं. ताईंचा हिशोब चाळीस जणींचा होता, आणि त्यांचंही चूक नव्हतं. नौपाड्यातलं भाडं काही थांबत नाही, आणि पहिल्या मॅडमच्या नावावर चाळीस सहज भरल्या असत्या. मी त्यांना कमरेवर गेलेला तो हात सांगितला. चाळीस जणींत तो कोणाला दिसला असता? ताई बराच वेळ आकडेमोड करत बसल्या, आणि मग सकाळ-दुपार दोन तुकड्या, फी थोडी जास्त, यावर तोड निघाली.

दुसऱ्याच दिवशी घोडबंदर रोडवरून एका सासूबाईंचा फोन आला, सुनेला यायचंय पण कपडे कसले? त्यांना मी मॅडमनी सांगितलेलंच सांगितलं. लेगिंग, टी-शर्ट आणि कमरेला बांधायला ओढणी. पुरुष नाहीत, कॅमेरा नाही. मॅडमना दिलेल्या पत्रातही मी तेच लिहिलं, तुकडीत पंधरा, परवानगीशिवाय शूटिंग नाही, पहिली वीस मिनिटं तब्येतीच्या चौकशीला राखीव. त्या वीस मिनिटांचे पैसे शिकवण्याच्या दरानेच द्यायचे, हेही मी ताईंकडून लिहून घेतलं.