गुणपत्रिका नेमके काय सांगते?
दहावीचे गुण बंद करून त्यांऐवजी मुलाला कोणती कौशल्ये आली याची नोंद द्यावी, असे सुचवले जाते. कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी माध्यमाच्या मुलांची दहावी ६२५ गुणांची असते आणि त्यांपैकी १२५ गुण प्रथम भाषा मराठीचे असतात. कन्नडमध्ये साठ गुण मिळवणाऱ्या मुलाला तहसीलदार कचेरीतला कन्नड अर्ज स्वतः भरता येईल की नाही, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. म्हणूनच राहून गेलेला भाग पुन्हा शिकवून, तो पक्का झाल्यावरच पुढे जावे, हा अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये मांडलेला विचार मला पटतो. कर्नाटकात २०२३-२४ पासून दहावीची परीक्षा एकाहून अधिक वेळा देऊन सर्वोत्तम गुण ठेवता येतात. पण दोन परीक्षांच्या मधल्या दिवसांत कच्चे राहिलेले शिकवणार कोण? एकाच शिक्षकावर दोन-तीन वर्ग सोपवलेल्या शाळेत (आणि सीमाभागाला अशा शाळा नव्या नाहीत) प्रत्येक मुलाच्या प्रत्येक कौशल्याची नोंद ठेवणे म्हणजे आणखी एक रजिस्टर भरणे ठरेल. आधी शिक्षक द्यावेत, मग गुण बंद करावेत.