कोमट बाटली

सहाव्या बाटलीचं पाणी बोटांवर घेतलं आणि हात तिथेच थांबला. पाणी कोमट होतं.

आमचं संशोधन जहाज अटलांटिकमध्ये विषुववृत्तावर उभं होतं. नमुने घ्यायच्या अशा थांब्याला आम्ही स्टेशन म्हणतो. डेक उन्हाने तापलेला, समुद्राचं वरचं पाणी 27 अंशांवर. विंचने तासाभराहून जास्त वेळ केबल ओढून रोझेट नुकतंच वर आणलं होतं. रोझेट म्हणजे सांगाड्यात गोलाकार बसवलेल्या 24 उभ्या बाटल्या. दोन्ही तोंडं उघडी ठेवून त्या 4,000 मीटरपर्यंत सोडायच्या आणि वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक मिटवायची.

आधीच्या पाच बाटल्यांवर बाहेरून दव धरलं होतं. सर्वांत खोलवरच्या बाटलीच्या पाण्याने तर बोटं बधिर झाली. खाली ते दोन अंशांच्या आसपास असतं. सहावी 3,000 मीटरवरची, म्हणजे तीही गारच हवी. ती खाली मिटलीच नाही, पार वर आल्यावर मिटली, हे हाताला आधी कळलं. क्षारतेच्या तपासणीत तेच निघालं. नोंदवहीत तिच्यापुढे फुली मारली.

सोबतचा नवा विद्यार्थी हळहळला. त्याला म्हटलं, "अरे, हिच्या आणि सर्वांत खोलवरच्या बाटलीच्या नळाखाली एकेक हात धर बघू." तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. एका हातावर इथलाच समुद्र, दुसऱ्यावर ध्रुवाकडचा.

विषुववृत्तावर हिवाळा नाही. इथलं पाणी आपोआप इतकं गार होऊच शकत नाही. 1751 साली गुलामवाहू जहाजाचा कप्तान हेन्री एलिस याने याच महासागराच्या उष्ण भागात झडपांची बादली खोल सोडली, तेव्हा त्यालाही असंच थंड पाणी मिळालं. त्याने ते अंघोळीला आणि वाइन गार करायला वापरलं! हे पाणी ध्रुवांकडूनच येत असणार, असा तर्क शास्त्रज्ञ काउंट रमफर्डने त्याच शतकाच्या अखेरीस मांडला.

उत्तरेत ग्रीनलंडच्या आसपास बोचरे वारे आधीच खारट असलेल्या पाण्यातली ऊब काढून घेतात. अंटार्क्टिकाजवळ समुद्र गोठताना बर्फ मीठ मागे टाकतो. गार, खारट, जड झालेलं पाणी बुडतं आणि खोलातून सरकत इथवर यायला त्याला अनेक दशकं, कधी शतकं लागतात. उत्तरेकडे बुडालेल्या पाण्याची जागा भरायला वरचं उबदार पाणी तिकडे जातं, सोबत उष्णता नेतं. 26.5 अंश उत्तरेला 2004 पासून या उलाढालीचं सतत मोजमाप चालू आहे: सरासरी सेकंदाला सुमारे 1.7 कोटी घनमीटर. जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी याच्या दहाव्या हिश्शाइतक्याही भरत नाहीत.

मला स्वतःला मात्र आकड्यांपेक्षा साका जास्त पटतो. प्रत्येक बाटलीतून पहिला नमुना ऑक्सिजनचा. नळी तळाला टेकवून, एकही बुडबुडा न शिरू देता कुपी भरायची, दोन रसायनं घालायची आणि हलवायची. तपकिरी साका धरतो. ऑक्सिजन जितका जास्त, तितका रंग गडद. त्या दिवशी 400 मीटरवरच्या कुपीत साका फिकट होता. 2,000 मीटरवरच्या कुपीत, जिथे उजेडाचा कण नाही, एक वनस्पती नाही, तिथल्या पाण्यात तो चांगलाच गडद उतरला. बुडण्याआधी त्या पाण्याने हवेतून घेतलेला श्वास अजून शिल्लक होता.

विद्यार्थ्याने दोन्ही कुप्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या आणि विचारलं, "पुढचं स्टेशन किती वाजता?"